तोंड ऐकणाऱ्या सिस्टर

खोली द्यायच्या आधी सिस्टर तोंड बघायच्या. पाण्याची वेळ, गेटची वेळ, खोलीत शेगडी चालणार नाही वगैरे गोष्टी नंतर. मला सोडायला आलेला मामा ट्रंक आणि गुंडाळलेली गादी घेऊन जिन्याखाली उभाच राहिला, आणि सिस्टरनी माझी हनुवटी धरून मला उन्हाकडे वळवलं.

"आ कर."

मी आ केला. त्यांच्या हातात दांडीचा छोटा गोल आरसा होता. तो माझ्या गालाच्या आतून फिरला. जून लागला होता, लातूरला अजून पावसाचा पत्ता नव्हता, गेटची कडी हाताला चटका देत होती. सिस्टरची बोटं मात्र आत्ताच रांजणातून काढल्यासारखी गार होती.

"झोपेत दात खातेस," त्या म्हणाल्या. "डावीकडून जास्त." मग आरसा पदराला पुसत, अगदी सहज, "आई कधी वारली?"

मामाच्या हातातली गादी खाली पडली.

आईला जाऊन चौदा महिने झाले होते. आम्ही भोकरकडचे, लातुरात आमचं ओळखीचं कुणी नव्हतं, त्यामुळे त्यांना कुणी सांगितलेलं असणं शक्य नव्हतं. मामा निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई जरा येगळीच दिसते गं. दुसरीकडं बघू का?" पण क्लास सुरू व्हायला दोन दिवस होते आणि गल्लीतल्या बाकीच्या खोल्या भरलेल्या होत्या. मी राहिले.

पुढे कितीतरी महिन्यांनी मी त्यांना हे विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यात काय जादू हाय? दाढा घासलेल्या. गालाच्या आत चावल्याची रेघ. अठरा वर्षांची पोरगी उगं दात खात न्हाई. आन् आई असलेल्या पोरीची गादी मामा उचलत न्हाई." सगळं पटण्यासारखं होतं. सिस्टरच्या बाबतीत हे नेहमी असं व्हायचं. आधी अंगावर काटा यायचा, मग त्या दोन वाक्यांत तो काटा काढून टाकायच्या. एका गोष्टीचा मात्र त्यांनाही काढता आला नाही. ती पुढे सांगते.

पहिल्या दिवशी मी त्यांना मावशी म्हणाले. त्या थबकल्या. "मावशी म्हणजे दवाखान्यात फरशी पुसती ती. तिचा मान मोठा हाय. पण मी सिस्टर हाय. तीस वर्षं वॉर्ड सांभाळला." तेव्हापासून सिस्टर. त्यांचं खरं नाव विजेच्या बिलावर यायचं, पण ते मी कधी कुणाला उच्चारताना ऐकलं नाही.

वरच्या मजल्यावर आठ खोल्या आणि पंधरा मुली. सगळ्या मेडिकलच्या परीक्षेसाठी आलेल्या, निम्म्या दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा बसणाऱ्या. खाली एका खोलीत सिस्टर एकट्या. लोखंडी कॉट, कपाट, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि खिडकीत उकळून ठेवलेल्या आरशांची स्टीलची डबी. निवृत्त होऊन आठ-नऊ वर्षं झाली तरी पायात ड्यूटीचे पांढरे कापडी बूट असत. त्या बुटांचा आवाज होत नसे. तुम्ही पुस्तकावरून मान वर करावी आणि दारात सिस्टर उभ्या असाव्यात, किती वेळच्या ते कळू नये, असं आठवड्यातून एकदा तरी व्हायचंच.

दर रविवारी सकाळी ओट्यावर उन्हात आमची रांग लागायची. एकेक तोंड उघडून, जीभ वर, जीभ बाहेर, डावा गाल, उजवा गाल. त्या कागदावर काही लिहीत नसत, आणि तरी विसरत नसत. आमची नावंही त्यांना लागत नसत. "खालची दाढ किडलेली कुठं गेली?", "ती पुढचा दात तिरका, तिचा फोन आलाय," असं त्या बोलायच्या आणि बरोबर तीच मुलगी उठायची. पेनाचं टोपण चावायचं नाही, सुपारी नाही, दात कोरायला पिन नाही. घरात कुणाच्या तोंडात धातू गेलेला त्यांना चालत नसे. चमच्यानं पोहे खाल्ले तरी त्या तोंड फिरवून आत जायच्या.

"भूत-बित काय नसतं," त्या म्हणायच्या. "मेलेलं माणूस लई गरीब असतं. भ्यायचं तर जित्याच्या तोंडाला भ्यावं. तिथं ओल हाय, ऊब हाय, अंधार हाय. काय बी वाढतं."

गल्लीतले लोक त्यांना टाळून असत. त्याला कारण समोरचा शिंपी. मी यायच्या आधी एकदा तो दुकानाच्या पायरीवर बसून कुणाशी तरी मोठ्यानं हसत होता, आणि सिस्टर रस्त्याच्या अलीकडून, बारा-पंधरा फुटांवरून त्याला म्हणाल्या, "गालात पांढरं आलंय तुझ्या. उद्या दाखवून ये." शिंपी म्हणाला, "सिस्टर, तिकडून गाल दिसतो का तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "दिसत न्हाई. हसताना तोंड पुरं उघडंना गेलंय. ऐकू येतं ते." तो गेला नाही. मी राहायला आले तेव्हा तो भर उन्हात गळ्याला मफलर गुंडाळून मशीनवर बसायचा आणि गिऱ्हाइकाशी पाटीवर लिहून बोलायचा. गल्लीतल्या बायका सिस्टर समोरून आल्या की तोंडाला पदर लावायच्या. सिस्टरनी बघितलं म्हणून झालं, असं त्यांचं म्हणणं. बघितलं म्हणून वाचता आलं असतं, हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

माझ्या खोलीत कावेरी होती. देगलूरची, माझ्याहून एक वर्षानं मोठी, तिसऱ्यांदा बसत होती. घरी अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि आजीशी तेलुगू. दिसायला शांत, आणि आतून सारखी कशानं तरी उकळत असलेली.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी वीज गेली होती. आम्ही दोघी खिडकीशी बसून वाचत होतो. मान वर केली तर दारात सिस्टर. डोकं एका बाजूला कलतं, कान खोलीकडे.

"टक् टक् कोण करून राहिलंय?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. कुणीच काही करत नव्हतं.

"कालपासून हाय. दातावर लोखंड वाजतंय. लहान हाय, मुगाच्या दाण्याएवढं."

त्यांनी आमची पेनं घेतली, झटकून पाहिली, कावेरीच्या बांगड्या उतरवायला लावल्या. बंद पंख्याच्या पात्याला काठीनं ढकलून बघितलं. शेवटी भिंतीला कान लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ दर दोन-तीन सेकंदांनी किंचित हलत होते, काहीतरी मोजावं तसे. मग निघून गेल्या.

"अय्यो, पागल हाय ही," कावेरी म्हणाली. पण तिचा आवाज हसल्यासारखा लागला नाही.

त्या रविवारी ती मैत्रिणीकडे म्हणून नांदेडला गेली. सोमवारी परत आली ती तोंडाला ओढणी गुंडाळून. दोन दिवस ती थंड दूध आणि दहीभातावर होती. तिसऱ्या दिवशी दार लावून तिनं मला जीभ दाखवली. मधोमध एक चकचकीत गोळी, आणि जिभेच्या खालच्या बाजूला दुसरी. दोन्हींच्या मधून आरपार गेलेली बारीक दांडी. एका टॅटूवाल्यानं टोचून दिली होती.

"कशाला गं?" मी विचारलं.

ती जड जिभेनं हळूहळू बोलली. "अप्पा माझे मार्क बघतेत. मोबाइल बघतेत. क्लासवाले हजेरीचा मेसेज त्यांना पाठवतेत. सिस्टर तोंडात बघती. ह्ये एकच हाय जे माझं हाय, आन् कुणाला दिसत न्हाई." मग घाईनं, "अप्पांना कळलं तर हे वर्ष बी संपू देणार न्हाईत. लग्न लावतील. कुणाला बोलू नको."

मी शपथ घेतली. आणि तोंडाशी आलेला प्रश्न मग विचारला. टोचून घ्यायचं कधी ठरवलं?

"शुक्रवारी. क्लासात कंटाळा आला, मोबाइलवर बघितलं."

सिस्टर दारात आल्या होत्या तो गुरुवार होता. कावेरीच्याही ते तेव्हाच लक्षात आलं. आम्ही दोघी भिंतीकडे बघत बसलो.

त्यानंतर मात्र तो आवाज खरोखरच सुरू झाला. वाचताना कावेरी ती गोळी दातांमध्ये धरायची, सोडायची, खालच्या दातांवर मागून आपटायची. टक्. टक् टक्. तिला स्वतःला कळायचंही नाही. आठवड्याभरात मला तो आवाज झोपेत ऐकू यायला लागला. रविवारच्या रांगेत ती आता थांबत नव्हती, सराव परीक्षा आहे म्हणून पहाटेच निघून जायची. सिस्टरनी एकदाच तिला जिन्यात अडवलं. मी मागे होते. मला वाटलं, आता धरतील हनुवटी. पण त्या नुसत्या बाजूला झाल्या.

"जबरदस्तीनं तोंड उघडत नसतात," त्या नंतर मला म्हणाल्या. "एकोणीस वर्षांची हाय ती. वॉर्डात मी लई जणांची उघडली. आता न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दाराबाहेर रोज सकाळी एक स्टीलचा पेला असायचा. कोमट पाणी, मिठाचं. कधी ठेवला ते आम्हाला कधीच दिसलं नाही. कावेरीनं पहिले आठ दिवस तो मोरीत ओतला. नवव्या दिवशी तिनं त्या पाण्यानं चूळ भरली. मग रोज भरू लागली.

मला मेडिकलला नंबर लागला नाही, डेंटलला लागला. आज नांदेडला माझा दवाखाना आहे. ओठाला कडी, जिभेला गोळी लावलेल्या मुली-मुलं येतात, आणि मी त्यांना रागावत नाही, आरसा हातात देते आणि दाखवते. ओठातली कडी पुढच्या दाताची हिरडी कशी घासून खाली ढकलते, मूळ कसं उघडं पडतं, आणि एकदा उतरलेली हिरडी आपली आपण कशी परत चढत नाही. जिभेतली गोळी आपटून दाढेचा टवका उडालेला असतो, तो त्यांना भाकरीतला खडा वाटलेला असतो. कावेरीलाही तसंच वाटलं होतं. फेब्रुवारीत जेवताना तिनं एक पांढरा कण ताटाच्या कडेला काढून ठेवला, "ज्वारीत खडे लई हायत" म्हणाली. तो तिच्या दाढेचा तुकडा होता. तेव्हा मलाही ते कळत नव्हतं. कळत होतं ते एकट्या सिस्टरना, आणि त्यांना आम्ही दोघी भीत होतो.

उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, कावेरी पाच दिवस घरी गेली. जाताना तिनं ती दांडी काढून पुडीत बांधली. जिभेचं भोक लवकर बुजतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. परत आली तेव्हा दांडी आत जाईना. तिनं आरशासमोर बसून, मेणबत्तीवर तापवलेल्या सुईनं ते पुन्हा उघडलं. मी म्हणाले, राहू दे ना आता, परीक्षा जवळ आली. तिनं मान हलवली. तिच्या हनुवटीवरून रक्ताचा बारीक ओघळ खाली आला, तो तिनं वहीच्या कागदानं पुसला आणि दांडी आत सरकवली.

चौथ्या दिवशी दुपारी ती कॉटवर भिंतीला टेकून बसली होती. अंगात ताप होता. तोंडात घास धरून बोलावं तसं बोलत होती, मग बोलायचंच थांबली. लाळ गिळता येईना, ती ओढणीत टिपत होती. मी घाबरले होते, तरी शपथ आड येत होती. बाहेर एप्रिलचं ऊन. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. वीज गेलेली. इतकं शांत होतं की माझ्या कानात दडे बसल्यासारखं झालं.

दारात सिस्टर उभ्या होत्या.

"दोन दिस झाले," त्या म्हणाल्या. "वाजंना गेलंय."

त्या आत आल्या. कावेरीनं मान मागे घेतली, पण सिस्टरनी तोंडाला हातच लावला नाही. हनुवटीच्या खाली, गळ्याच्या वर, दोन बोटं ठेवली आणि दाबली. मग माझा हात धरून तिथे लावला. मी आजवर शेकडो गळे चाचपलेत, पण तो स्पर्श अजून बोटांत आहे. ते मांस लागत नव्हतं. कातडीखाली फळी ठोकल्यासारखं टणक होतं.

"जीभ वर कर."

कावेरीला करता येईना. तोंड दोन बोटंच उघडत होतं. आत जीभ टाळूला जाऊन टेकली होती, तिच्या खालचं सगळं फुगून वर आलेलं, आणि जिभेवर मधोमध ती वरची गोळी मांसात रुतून बसलेली, चिखलात रुतलेल्या खड्यासारखी.

मी तिला आडवं करायला उशी सरकवली. सिस्टरनी माझ्या हातातून उशी हिसकली आणि भिंतीवर फेकली. त्यांना असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"आडवी करायची न्हाई! पडली की संपली. बसूनच न्यायचं. जा, आटो घेऊन ये."

त्या ओसाड दुपारी मला रिक्षा कशी मिळाली ते आठवत नाही. आम्ही तिला मध्ये बसवलं. सिस्टरनी तिचं डोकं किंचित पुढे झुकवून धरलं आणि आपलं तोंड तिच्या कानाशी नेलं.

"हूं म्हण. नाकातनं. थांबायचं न्हाई. हूं."

"हूं," कावेरी म्हणाली.

"म्हणत राहा."

रिक्षा निघाली. बंद दुकानं, खाली ओढलेली शटर, वाफाळणारा डांबरी रस्ता, आणि त्यातून आमची रिक्षा जात होती, आत एक मुलगी गुणगुणत होती. हूं. हूं. एकसुरी. दुरून कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, पोरी गाणं म्हणत चालल्यात. सिस्टरनी डोळे मिटले होते, त्या फक्त ऐकत होत्या. पुलाच्या पुढे तो आवाज बारीक झाला. मग त्यात एक शिट्टीसारखा सूर आला. रिक्षावाल्यानं आरशातून मागे बघितलं आणि मग पुन्हा एकदाही बघितलं नाही.

"किती राहिलं?" सिस्टरनी डोळे न उघडता विचारलं.

"दोन मिन्टं."

"एक मिनिट हाय तिच्यापाशी."

दवाखान्याच्या दारात हूं थांबलं. कावेरीचे डोळे मोठे झाले होते आणि ती माझ्याकडे बघत होती, पण तिच्या छातीतून काहीच बाहेर येत नव्हतं. सिस्टर एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की सगळी ओपीडी उभी राहिली. "श्वास अडकलाय! गळा उघडायला घ्या! आडवी करू नका!" एक तरुण डॉक्टर धावत आले. त्यांनी गळ्याला हात लावला आणि एकही प्रश्न विचारला नाही. दार बंद झालं.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. सिस्टरच्या पांढऱ्या बुटावर कावेरीची लाळ सांडली होती. त्या बुटाकडेच बघत बोलायला लागल्या, माझ्याशी की स्वतःशी, ते मला कळलं नाही.

"नोकरीला लागून सहा महिने झाले होते. एक बाई आणली. जिभेवरचा फोड सासूनं सुईनं फोडला होता. अशीच फुगलेली. बसून होती बिचारी, दोन्ही हात टेकून. पेशंट आला की बेडवर आडवा घ्यायचा, आम्हाला तेच शिकवलेलं. ती मान हलवत होती, न्हाई न्हाई म्हणत होती. मी दोन्ही खांदे धरून तिला आडवी केली. दात वाजले तिचे. टक् टक् टक्. नाकात चमकी होती, ती हलत राहिली जराशी. मग ती बी थांबली. माझे हात तिच्या खांद्यावरच होते."

पंखा गरगरत होता.

"तेव्हापासून ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "कुणाचं तोंड बिघडणार असलं की. लोकास्नी वाटतं मला दिसतं. मला काय दिसत न्हाई."

कावेरी वाचली. गळ्याला खाली भोक पाडून नळी घातली होती, हनुवटीखाली चिरा देऊन पू काढला. डॉक्टरांनी ती दांडी एका डबीत आणून दाखवली. वरची गोळी होती. खालची नव्हती. तिचा पेच सैल होऊन ती कधी गळून पडली, गिळली गेली, की श्वासात ओढली गेली, हे बघायला त्यांनी छातीचे आणि पोटाचे फोटो काढले. कुठेच सापडली नाही.

संध्याकाळी देगलूरहून अप्पा आले. उंच माणूस, शर्टाची बटणं उलटसुलट लावलेली. मुलीच्या गळ्यातली नळी बघून ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. कावेरीला बोलता येत नव्हतं. ती अप्पांकडे बघत नव्हतीच, ती सिस्टरकडे बघत होती. अशा नजरेनं मी कुणाला कुणाकडे बघताना पुन्हा पाहिलं नाही.

सिस्टर त्याआधीच डॉक्टरांशी बोलून आल्या होत्या. पोरगी सज्ञान आहे, तिचं ती सांगेल, एवढंच. डॉक्टर अप्पांना म्हणाले, तोंडात जंतुसंसर्ग होऊन तो जिभेखाली उतरला, आता धोका टळलाय.

"कशानं झालं पण?" अप्पांनी विचारलं. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले होते. अप्पा आमच्याकडे वळले. "घरून तर चांगली आली होती माझी पोर. कशानं?"

"पाणी," सिस्टर म्हणाल्या. "टाकीचं पाणी खराब झालं होतं. माझं लक्ष न्हाई गेलं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. लातूरला नळ कधी आठ दिवसांनी येतो, कधी दहा. नळ यायच्या आदल्या दिवशी ही बाई साडी खोचून स्वतः टाकीत उतरायची, ब्रशनं तळ घासायची, मग तुरटी फिरवायची. गल्लीत आजारी माणसासाठी पाणी न्यायचं तर लोक तोंडाला पदर लावून का होईना, यांच्याकडेच यायचे.

अप्पा त्यांना खूप बोलले. म्हातारी, लोभी, पोरींच्या जिवावर उठलेली. वॉर्डातले लोक गोळा झाले. सिस्टर खाली मान घालून उभ्या होत्या आणि मध्येच म्हणत होत्या, "हाव. बरोबर हाय तुमचं."

दुसऱ्या दिवशी ते क्लासच्या ऑफिसात जाऊन तेच बोलले. चार दिवसांत पालकांचे फोन सुरू झाले. एकेक करून मुली निघाल्या. परीक्षा तोंडावर, आणि ट्रंका जिन्यावरून खाली. मी सिस्टरना म्हणाले, "मी सांगते सगळ्यांना खरं काय ते."

"मग ती कुठं जाईल?"

"पण तुमचं घर..."

"घर जाग्यावरच हाय. ती अजून वीस वर्षांची बी न्हाई."

शेवटचे पाच दिवस वरच्या मजल्यावर मी एकटी होते. एका दुपारी पुस्तकावर डोकं टेकवलं असताना मला तो आवाज आला. टक्. मग थांबून, टक् टक्. मी उठून बसले. कावेरीची कॉट उघडी होती, गादीसुद्धा गुंडाळून नेलेली. मी वाकून कॉटखाली बघितलं, फरशीच्या फटी बोटांनी चाचपल्या, ती गोळी तिथे असेल म्हणून. काही नव्हतं. आवाज भिंतीतून येत होता, की माझ्या डोक्यातून, ते ठरवता येईना. मी पळत खाली गेले.

"सिस्टर, तुम्हाला येतंय का ऐकू?"

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबवून, डोकं कलतं करून त्यांनी ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. ती माझ्यासाठी होती.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "मला आटोतल्या त्या दिसापासून काहीच ऐकू येईना गेलंय." आणि मग अगदी हळू, "तुला येतंय?"

मी त्यांना उत्तर दिलं नाही. आज दवाखान्यात कुणी तोंड उघडायच्या आधी मी जे ऐकते, त्याबद्दलही मी कुणाला काही सांगत नाही. तपासणीला बसवते, इतकंच.

शनिवारी माझे वडील आले. शेतातली कामं टाकून, भोकरहून तीन गाड्या बदलून, उन्हातान्हाचे. त्यांनाही कुणीतरी फोन करून पाण्याचं सांगितलं होतं. ते या घरी पहिल्यांदाच येत होते. ओट्यावर बसायला सिस्टरनी सतरंजी टाकली. वडील टेकल्यासारखं बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तुमच्यावर राग न्हाई बाई," ते म्हणाले. "पण एकच लेक हाय. तिची आई न्हाई."

"बरोबर हाय. लेकराच्या जिवाशी खेळू नये," सिस्टर म्हणाल्या. आत गेल्या आणि तांब्या-पेला घेऊन आल्या. पेला भरून त्यांनी वडिलांपुढे धरला. "लांबून आलात. पाणी घ्या."

वडिलांचा घसा कोरडा पडला होता, मला दिसत होतं. त्यांनी पेल्याकडे बघितलं. मग उघड्या दारातून आतल्या भिंतीवरच्या तसबिरीकडे बघितलं. मग पुन्हा पेल्याकडे.

"नको," ते म्हणाले. "तहान न्हाई."

ते टाकीच्या पाण्याला नको म्हणाले, की आणखी कशाला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. सिस्टरचा हात तसाच पुढे होता. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. हा नकार त्यांना नवा नसावा, हे मला त्या क्षणी कळलं, आणि माझ्या कानशिलात ऊन चढल्यासारखं झालं.

मी ट्रंक खाली ठेवली, पुढे झाले, त्यांच्या हातातून पेला घेतला आणि वडिलांच्या समोर उभी राहून घटाघटा पिऊ लागले. पाणी हनुवटीवरून माझ्या कपड्यांवर सांडत होतं.

"सावकाश," सिस्टर म्हणाल्या. "ठसका लागंल."

मी पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. त्यांनी तांब्या उचलून तो परत भरला.